विश्लेषण : सेफ्टी शॉवर मे महिन्यात धुतो की भाजतो?

मे महिन्यात दुपारी तीन वाजता मलकापूर, नांदुरा किंवा खामगावात गच्चीवरच्या टाकीचा नळ उघडला, की पहिले पाणी हाताला चटका देते. घाटाखाली राहणाऱ्या कोणाला हे सांगावे लागत नाही. घरात आपण ते पाणी सोडून देतो, थोडे थांबतो आणि मग हात धुतो. आता तेच पाणी कारखान्याच्या शेडमध्ये, डोळ्यांत कॉस्टिक उडालेल्या कामगाराच्या चेहऱ्यावर येते आहे असे समजा. थांबायला त्याच्याकडे वेळ नाही. डोळे उघडे धरून त्याने पंधरा मिनिटे त्या धारेसमोर राहायचे आहे. तो किती वेळ राहील?

औद्योगिक सुरक्षेच्या भाषेत यासाठी ‘टेम्पर्ड वॉटर’ असा शब्द आहे. तापमान सांभाळलेले पाणी. ना चटका, ना हुडहुडी. आपल्याकडे हा शब्द काढला की समोरचा हसतो. ‘माणूस भाजलाय आणि तुम्हाला कोमट पाणी सुचतेय?’ असा सूर असतो. पण सेफ्टी शॉवर आणि आयवॉश वेळेला कामी येतील की नुसते भिंतीजवळ उभे राहतील, हे बऱ्याच अंशी पाण्याचे तापमानच ठरवते. आणि बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पाणी तापवण्याचा कमी आणि ते तापू न देण्याचा जास्त आहे. परदेशी माहितीपत्रकांत नेमके हेच सापडत नाही.

जिल्ह्यात अशी सोय लागते तरी कुठे, असे वाटेल. मलकापूरजवळ दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. खामगावच्या वसाहतीत साबण बनतो. तेल शुद्ध करताना कॉस्टिक लागते. खामगाव ज्या चांदीसाठी ओळखले जाते, ती चांदी शुद्ध करायला नायट्रिक ॲसिड वापरले जाते. बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे अमोनियावर चालतात, पाणीपुरवठा केंद्रांत क्लोरीन असतो आणि तालुक्याच्या प्रत्येक गावात बॅटरीत ॲसिड भरणारे एखादे तरी दुकान असते.

पंधरा मिनिटे कशासाठी?

ॲसिड कातडीवर पडले की तिथली प्रथिने गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे ॲसिडचा पुढचा रस्ता काहीसा अडतो. अल्कलीचे उलटे आहे. ती चरबीचा साबण करते, पेशी विरघळवते आणि आत शिरत राहते. डोळ्याला तर अल्कली फार वाईट. अमोनिया काही सेकंदांत कॉर्नियाच्या पलीकडे पोचू शकतो. सुरुवातीला वेदना कमी वाटली म्हणून इजा कमी आहे, असे अल्कलीच्या बाबतीत मानता येत नाही.

अल्कली म्हणजे काय, हे बुलढाणेकरांना लोणारवरून समजावे. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. पूर्वी तिथून खार काढला जाई. त्या पाण्याने डोळे चुरचुरतात हे तिथे गेलेल्याला माहीत असते. कॉस्टिक सोड्याच्या अवघ्या चार टक्क्यांच्या द्रावणाचा सामू १४ असतो. सामूची एक पायरी म्हणजे दहापट, म्हणजे चार पायऱ्यांत फरक दहा हजार पटींचा. आणि कारखान्यात पाइपांतून वाहते ते कॉस्टिक चार टक्क्यांचे नसते, बहुधा त्याच्या दहापटीहून अधिक तीव्र असते.

घरातले उदाहरण हवे असेल तर तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी घ्या. लहान मुलांनी ती दाबली, फुटली आणि चुना डोळ्यांत गेला, अशा इजा देशभरातले नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षे पाहत आले आहेत. चुना हीदेखील अल्कलीच.

यावर पहिला उपाय एकच : पाणी, लगेच आणि भरपूर. पाणी रसायन पातळ करते, धुऊन नेते आणि पापणीच्या आत, कपड्यांच्या घड्यांत अडकलेले कण बाहेर काढते. याला वेळ लागतो. दोन मिनिटांनी बरे वाटले म्हणून माणूस बाजूला झाला, तर आत राहिलेली अल्कली आपले काम चालू ठेवते. म्हणून किमान पंधरा मिनिटे. तीव्र अल्कली असेल तर त्याहून जास्त.

दवाखान्यात नेऊन धुऊ, हा विचार इथे चालत नाही. मलकापूरहून बुलढाण्याला यायचे तर मोताळ्यावरून राजूर घाट चढावा लागतो. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. इतक्या वेळात डोळ्याचे जे व्हायचे ते होऊन जाते. डोळा वाचवायचा असेल तर तो कारखान्यातच, रसायन उडाल्यापासून पहिल्या काही सेकंदांत धुवायला सुरुवात झाली पाहिजे.

किती गार, किती गरम?

या उपकरणांसाठी जगभर सर्वाधिक आधार घेतला जातो तो अमेरिकेच्या झेड ३५८.१ या प्रमाणाचा. त्यातले आकडे असे : शॉवरमधून मिनिटाला किमान ७५.७ लिटर पाणी, साध्या आयवॉशमधून दीड लिटर, डोळे आणि चेहरा दोन्ही धुणाऱ्या उपकरणातून ११.४ लिटर. सगळे सलग पंधरा मिनिटे. धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत पोचता येईल इतके जवळ. कॉक एका सेकंदात उघडणारा आणि उघडल्यावर हात सोडला तरी चालू राहणारा, कारण डोळे उघडे धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. पाण्याचे तापमान १६ ते ३८ अंश सेल्सिअस.

भारताचे स्वतःचे मानकही आहे, आयएस १०५९२, थेट १९८२ सालचे. म्हणजे ही उपकरणे आपल्याकडे नवी नाहीत.

खालची मर्यादा १६ अंश का, हे सरळ आहे. त्याहून गार पाण्याखाली ओल्या कपड्यांत पंधरा मिनिटे उभे राहिले की शरीर थरथरू लागते आणि माणूस आपोआप बाहेर पडतो. वरची मर्यादा ३८ का? त्यापुढच्या पाण्याने डोळ्याला स्वतंत्र इजा होऊ शकते आणि रसायनाची कातडीशी होणारी क्रियाही वेग घेते. आणखी वर गेले की पाणीच भाजते. ६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकते. ४९ अंशांना काही मिनिटे लागतात, पण आपल्याला तर माणूस पंधरा मिनिटे उभा करायचा आहे.

थंड प्रदेशांत हा प्रश्न उभा राहिला तो गार पाण्यामुळे. तिथले उपाय, यंत्रे, विक्रेत्यांची पत्रके सगळी पाणी कोमट करण्याभोवती फिरतात. आपण ती यंत्रे घेतो, प्रश्न मात्र आपला उलटा असतो. घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकतो. सावलीतली हवाच ३८ च्या वर असताना उन्हातल्या टाकीतले पाणी ३८ च्या खाली कसे राहणार?

पाइपातले पहिले पाणी

टाकीपेक्षाही दगा देतो तो पाइप. पत्र्याच्या छतावरून किंवा भिंतीच्या बाहेरून आलेला जीआय पाइप दिवसभर उन्हात तापतो. आतले पाणी हलत नाही, कारण शॉवर रोज कोणी वापरत नाही. शेतात पडलेल्या पाइपातून दुपारी पहिले पाणी कसे येते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पन्नाशीच्या पुढचे तापमान तिथे सहज गाठले जाते.

इथे एक साधा हिशेब करून पाहू. एक इंची पाइप तीस मीटर उन्हात असेल तर त्यात साधारण पंधरा लिटर पाणी मावते. शॉवर उघडला तर मिनिटाला ७५ लिटरच्या वेगाने हे कढत पाणी बारा सेकंदांत संपते. बारा सेकंदही वाईटच, पण निदान संपते. आता त्याच पाइपावर आयवॉश आहे आणि तो मिनिटाला दीड लिटर देतो आहे. तेच पंधरा लिटर संपायला दहा मिनिटे लागतील. म्हणजे डोळे धुण्याच्या पंधरा मिनिटांपैकी दहा मिनिटे तापलेल्या पाइपातले पाणी. शरीराच्या सगळ्यात नाजूक अवयवाला सगळ्यात जास्त वेळ सगळ्यात गरम पाणी! पाइपाचा आडोसा कुठे संपतो, ऊन कुठे लागते, हे शॉवर बसवताना कोणी पाहिले नाही तर असेच होणार.

टाकीचाही हिशेब याच ओघात. ७५.७ लिटर गुणिले पंधरा म्हणजे ११३५ लिटर. शेडवर दिसणारी हजार लिटरची काळी टाकी एका माणसाच्या एका अंघोळीलाही पुरत नाही, आणि त्याच टाकीवर स्वच्छतागृहाचे नळ असतील तर अपघाताच्या वेळी ती किती भरलेली असेल हे नशिबावर. शिवाय शेडच्या उंचीवरून शॉवरला लागतो तेवढा जोर येतो का, हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजल्याशिवाय कळत नाही.

मिसळणारा वॉल्व्ह इथे का हरतो?

माहितीपत्रकांत सर्वांत ठळक असतो थर्मोस्टॅटिक मिक्सिंग वॉल्व्ह. एका बाजूने गरम पाणी, दुसऱ्या बाजूने गार, आणि आतली यंत्रणा दोन्हींचे प्रमाण जमवून ठरलेल्या तापमानाचे पाणी बाहेर सोडते. वस्तू उत्तम आहे. पण तो वॉल्व्ह दोन तापमानांच्या मधलेच काहीतरी देऊ शकतो. ‘गार’ म्हणून येणारी लाइनच ४५ अंशांची असेल, तर जगातला कितीही महाग वॉल्व्ह ३० अंशांचे पाणी देऊ शकणार नाही. तो बसवून ‘आमच्याकडे टेम्पर्ड वॉटर आहे’ असे सांगणे म्हणजे पंख्याला एसी म्हणण्यासारखे आहे.

उलटा धोकाही आहे. पैसे वाचवायला कोणी घरगुती गिझर आणि न्हाणीघरातला मिक्सर जोडला, आणि तो गरम बाजूला अडकला, तर शॉवरच अपघात करील. आपत्कालीन वापरासाठीचे वॉल्व्ह बिघडले तर गरम पाणी बंद करून गार पाणी चालू ठेवतील, अशा रचनेचे असावे लागतात. साध्या मिक्सरला हे जमत नाही.

मग करायचे काय?

यातले बरेच उपाय आपल्या आजोबांना माहीत होते. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागते, कारण जमिनीत थोडे खोल गेले की तापमान वर्षभर फारसे हलत नाही. भरदुपारी काळी माती हाताला पोळते तेव्हा मीटरभर खाली ती बरीच गार असते. तेव्हा पहिला उपाय : साठा जमिनीखालच्या हौदात आणि पाइप जमिनीतून. उपकरणाजवळ पाइप जमिनीतून वर येतो तेवढा भाग आणि छतावरचा टाळता न येणारा तुकडा जाड इन्सुलेशनने झाकायचा, वर पांढरे आवरण.

हौदातून पाणी उपसायला पंप लागतो आणि वीज गेली की पंप बंद. ही अडचण खरी आहे. शॉवर विजेच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून एक उंचावरची टाकी लागतेच, मात्र ती शॉवर-आयवॉशपुरतीच वेगळी, दीड हजार लिटरची तरी, इन्सुलेशन केलेली आणि सावलीत. हौदातले पाणी एका छोट्या पंपाने दिवसभर टाकीत चढवायचे, टाकीतून शॉवरच्या लाइनमधून फिरवून पुन्हा हौदात आणायचे. पाणी फिरत राहिले की पाइपात कोंडून तापत नाही. वीज गेली तरी टाकीतला साठा गारच असतो आणि दोन-तीन तासांत तो कढत होत नाही.

फिरती लाइन करणे शक्य नसेल तर पाइपाच्या टोकाला आपोआप उघडणारा छोटा वॉल्व्ह मिळतो. पाइपातले पाणी साधारण ३५ अंशांपुढे गेले की तो उघडतो आणि तापलेले पाणी सोडून देतो. पण इथेही तीच अट आहे. मागून येणारे पाणी गार असेल तरच त्याचा उपयोग. टाकीच तापलेली असेल तर तो दिवसभर गळत राहील आणि पाणी वाया जाईल.

मोठ्या रसायन कारखान्यांनी सरळ चिलर लावावा. आखाती देशांतल्या तेल प्रकल्पांत शॉवरच्या टाकीलाच चिलर जोडलेला असतो. खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : दीड हजार लिटर पाणी ४५ अंशांवरून ३५ वर आणायला दीड टनाच्या एसीएवढ्या क्षमतेच्या यंत्राला साडेतीन तासांच्या आत-बाहेर लागतात. टाकीला इन्सुलेशन असेल तर एकदा गार झालेले पाणी तसे राखायला फार वीज लागत नाही. साहेबांच्या केबिनला जेवढा एसी लागतो, तेवढ्यात हे भागते.

आणि ज्याला यातले काहीच परवडत नाही त्याने टाकीवर छप्पर घालावे, तिला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवावे. आपल्याकडची उन्हाळ्यातली हवा कोरडी असते. माठ गार होतो तो याच न्यायाने. हा काही प्रमाणात बसणारा उपाय नव्हे, पण कढत पाण्यापेक्षा शंभरपट बरा.

पाणी कुठून आणायचे?

ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगावी टँकर फिरतात, तिथे हजार-दीड हजार लिटर पाणी ‘नुसते ठेवून द्या’ म्हटले की मालक कपाळावर हात मारतो. पण हे पाणी रोज खर्च होत नाही, एकदा भरले की ते राखीव असते. आठवड्याच्या चाचणीचे पाणी झाडांना किंवा फरशी धुवायला घेता येते.

पाण्याची प्रत हा वेगळा विषय. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो आणि तिथल्या बोअरचे पाणी खारट, क्षारांनी भरलेले असते. आयवॉशला पिण्यायोग्य पाणी हवे. क्षारांमुळे आयवॉशची बारीक छिद्रे बुजतात आणि दोन धारांपैकी एकच चालू राहते, हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसते. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रसंग आलाच आणि जवळ फक्त बोअरचे पाणी असेल, तर चांगल्या पाण्याची वाट पाहू नये. ज्या स्वच्छ पाण्याने आपण तोंड धुतो त्याने डोळाही धुवावा, लगेच.

कोमट पाण्याची एक खोड अशी, की ते जंतूंनाही मानवते. साचलेल्या, कोमट पाण्यात अकँथामिबा, स्यूडोमोनास, लेजिओनेला वाढू शकतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेने आयवॉशच्या बाबतीत याची स्पष्ट सूचना दिलेली आहे. रसायनाने सोललेल्या डोळ्यावर असे पाणी गेले तर दुखण्यात भर. म्हणून तापमान सांभाळायचे आणि पाणी हलतेही ठेवायचे, दोन्ही एकत्र. प्रमाण सांगते की प्रत्येक शॉवर आणि आयवॉश आठवड्यातून एकदा उघडून साचलेले पाणी वाहू द्यावे. आपल्याकडे एप्रिल ते जूनमध्ये हे रोज, आणि तेही दुपारी करावे असे माझे मत आहे.

घाटावरच्यांसाठी दोन ओळी. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि चिखली, देऊळगाव राजाकडची डिसेंबरातली पहाट बोचरी असते. रात्रपाळीच्या कामगाराला पहाटे पाच वाजता १६ अंशांखालचे पाणी मिळू शकते. तिथेही जमिनीखालचा हौद आणि इन्सुलेशन हेच बहुतेक काम करून जाते.

कायदा काय म्हणतो?

कारखाने अधिनियम, १९४८ मधले कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणाविषयी होते, पण ते उडणारे कण आणि प्रखर प्रकाश यांच्यापुरते, म्हणजे गॉगल आणि पडद्यांचे. रसायनांबाबत अंगावर भरपूर पाणी घेण्याची आणि डोळे धुण्याची सोय हवी, ही अट धोकादायक प्रक्रियांच्या नियमांतून येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४८ चा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला. या संहितेत विजेवर चालणारा कारखाना म्हणजे २० किंवा अधिक कामगारांचा, अशी व्याख्या आहे. पूर्वी केंद्रीय कायद्यात हा आकडा १० होता.

हा बदल इथे महत्त्वाचा आहे. चांदी शुद्ध करणारी खोली, बॅटरीचे दुकान, फिनेल-टॉयलेट क्लीनर भरणारे छोटे युनिट, यांत वीस माणसे कुठली? चार-पाच असतात. जोखमीच्या कामासाठी एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. तीव्र ॲसिड आणि अल्कली हाताळणाऱ्या छोट्या जागांसाठी राज्याने तो वापरावा. महागडा शॉवर त्यांच्यावर लादावा असे मी म्हणत नाही. सावलीत ठेवलेली झाकणाची पिण्याच्या पाण्याची मोठी टाकी, तिला हाताने धरता येईल असा नळीचा फवारा, आणि आठवड्याला बदललेले पाणी, एवढे तरी सक्तीचे हवे. बाटलीतले आयवॉश मिळते, पण ते नळापर्यंत पोचेपर्यंतच्या वेळेसाठी. अर्ध्या-एक लिटरच्या बाटलीत पंधरा मिनिटे धुणे होत नाही.

मोठ्या कारखान्यांबाबत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मागणी एकच आहे. शॉवर आहे का, पाणी येते का, एवढ्यावर थांबू नये. पहिल्या सेकंदाला किती अंश, एका मिनिटाला किती, पंधराव्या मिनिटाला किती, हे तीन आकडे मे महिन्याच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे नोंदवून घ्यावेत. काही शे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणि एक वही, एवढाच याचा खर्च. डिसेंबरमध्ये पाहणी करून ‘पाणी ठीक’ असा शेरा मारलेला शॉवर मे महिन्यात काय करील, हे त्या शेऱ्यावरून कळत नाही.

मालकांचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : दहा वर्षांत एकदाही शॉवर लागला नाही. असेलही. पण लागला नाही, की उडालेले कॉस्टिक कामगाराने खांद्यावरच्या रुमालाने पुसून टाकले आणि कोणाला सांगितले नाही? कंत्राटी कामगाराला पगार कापला जाण्याची भीती असते. शॉवर कुठे आहे हेच ज्याला माहीत नाही, तो तिथे जाणार कसा? नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्या जागेपासून आयवॉशपर्यंत चालत न्यावे. वाटेत पोती, ढकलगाडी, बंद दार काय काय आडवे येते ते तेव्हाच समजते.

प्रसंग आलाच तर

कोरडी पूड असेल तर आधी ती झटकावी, मग पाणी. कपडे, बूट, घड्याळ पाण्याखालीच काढावेत. लाज धरू नये आणि धरू देऊ नये. पापण्या बोटांनी उघड्या धरून बुबुळ चारही बाजूंना फिरवावे. कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघाली तर काढावी, तिच्यासाठी धुणे थांबवू नये. ॲसिडवर सोडा किंवा अल्कलीवर लिंबू-व्हिनेगर टाकून डोळ्यात ‘तोड’ करायला जाऊ नये. गुलाबपाणी, दूध, तूप, काहीही नको. हायड्रोफ्लोरिक ॲसिडसारख्या मोजक्या रसायनांना पाण्याखेरीज खास औषध लागते आणि ते ज्या कारखान्यात ते ॲसिड आहे तिथेच ठेवलेले असले पाहिजे.

पाणी हाताला पोळत असेल तर आयवॉशशेजारचा मोठा शॉवरही उघडावा. एकाच पाइपावर असतील तर तापलेले पाणी काही सेकंदांत निघून जाते. तोवर पिण्याच्या पाण्याचा जार कामगाराच्या डोळ्यांवर ओतत राहावा.

पंधरा मिनिटे झाल्यावरच गाडी काढावी. गाडीतही पाण्याच्या बाटल्या ठेवून धुणे चालू ठेवावे. सोबत जाणाऱ्याने रसायनाच्या ड्रमवरील लेबलचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा, कारण समोर कोणते रसायन आहे हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि दुसरा : किती वेळ धुतले?